मृत्युपत्रातले दान मागा, पण नीट मागा: महाराष्ट्रातील विश्वस्तांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व सार्वजनिक न्यासांचे विश्वस्त, अध्यक्ष आणि कार्यवाह यांस,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी कुणी वसतिगृह चालवते, कुणी वाचनालय, कुणी अंधशाळा, कुणी उपचारांसाठी गावाहून आलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांची राहण्याची सोय पाहते. ताळेबंद जुळवताना तूट कशी भरून काढायची हा प्रश्न जवळपास सगळ्यांनाच पडतो. त्यासाठी पत्रे जातात, कार्यक्रम होतात, ओळखीपाळखीत शब्द टाकला जातो. मात्र वर्षानुवर्षे न चुकता देणगी पाठवणाऱ्या माणसाला "तुमच्या मृत्युपत्रात संस्थेसाठी एखादा वाटा ठेवाल का?" असे विचारणारी संस्था शोधावी लागते. विषय काढला तर समोरच्याच्या मरणावर डोळा ठेवल्यासारखे दिसेल, असा संकोच वाटतो. तो संकोच सोडा आणि मागायचे ते कायद्याला धरून, स्वच्छपणे मागा, एवढ्यासाठी हे पत्र.

नुसत्या विचारण्याने किती फरक पडतो याचा एक प्रयोग ब्रिटनमध्ये झाला आणि २०१३ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. फोनवरून मृत्युपत्र करून घेणाऱ्या ग्राहकांना काहीच विचारले नाही तेव्हा शंभरातल्या सुमारे पाच जणांनी एखाद्या धर्मादाय संस्थेला काही ठेवले. "संस्थेला काही ठेवायचे आहे का?" एवढे साधे विचारल्यावर हा आकडा दहाच्या आसपास गेला. "आमचे अनेक ग्राहक असे काही ठेवतात, तुमच्या जिव्हाळ्याचे एखादे काम आहे का?" असे विचारल्यावर तो पंधराच्या पुढे गेला. लोकांची द्यायची तयारी आधीपासून होती, कुणी विचारले नव्हते इतकेच.

मृत्युपत्रातले दान म्हटले की सर रतन टाटांसारखी नावे आठवतात. ते १९१८ साली वारले आणि त्यांच्या मृत्युपत्रातून १९१९ साली त्यांच्या नावाचा ट्रस्ट उभा राहिला. अशा उदाहरणांमुळे हे धनिकांचेच काम, असा समज पक्का झाला आहे. खरे तर ही वाट सर्वांत सोयीची आहे ती निवृत्त शिक्षिकेला, बँकेतून निवृत्त झालेल्या कारकुनाला, एकट्या राहणाऱ्या परिचारिकेला. त्यांच्याकडे राहते घर असते, काही ठेवी असतात. पण आजारपण किती लांबेल, मदतनीस किती वर्षे लागेल हे माहीत नसल्याने हयातीत मोठी रक्कम हातातून सोडवत नाही, आणि सोडूही नये. मृत्युपत्र मरणानंतरच लागू होते. तोवर घर त्यांचे, ठेवी त्यांच्या. हवे तेव्हा विकावे, मोडावे, मृत्युपत्रही हवे तेव्हा बदलावे. मागणाऱ्याने हे पहिल्याच बोलण्यात सांगावे. "आधी तुमची आणि तुमच्या माणसांची सोय, मग जे उरेल त्यातला एक वाटा" हाच क्रम ठेवावा.

कराचे आमिष मात्र दाखवू नका. मृत्युपत्रातल्या दानावर देणाऱ्याला देणगीवरची आयकर वजावट (८०जी) मिळत नाही, आणि भारतात वारशावर लागणारा मालमत्ता शुल्क कायदा १९८५ सालीच रद्द झाला आहे. या दानातून कर वाचत नाही. ज्यांना काम पटले आहे तेच देतील.

मृत्युपत्र केलेच नाही तर काय होते, हेही देणगीदारांना कळू द्या. विशेषतः एकट्या स्त्रियांना. हिंदू वारसा कायदा, १९५६ च्या कलम १५ प्रमाणे हिंदू स्त्री मृत्युपत्राविना वारली आणि मागे मुले, नातवंडे वा नवरा नसेल, तर तिची स्वकष्टार्जित मिळकत तिच्या आईवडिलांच्या आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते. आयुष्यभर नोकरी करून घेतलेले घर, कधी तोंडही न पाहिलेल्या दिराच्या मुलाला मिळू शकते. आणि कुणीच वारस नसेल तर कलम २९ प्रमाणे सगळे सरकारजमा होते. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांना ते सांगणे, ही संस्थेला काही मिळो न मिळो, एक सेवाच आहे.

आता तयारीकडे येऊ. सर्वांत आधी एक कागद करा. त्यावर न्यासाचे नाव नोंदणी प्रमाणपत्रावर आहे तसेच, अक्षरशः तसेच, लिहा. त्याखाली सार्वजनिक न्यास नोंदणी क्रमांक, त्यातले अक्षर, आकडा आणि जिल्हा या तिन्हींसह. मग नोंदलेला पत्ता, पॅन, आणि संस्था लोकांत ज्या नावाने ओळखली जाते ते नाव "या नावानेही परिचित" असे म्हणून. हा कागद मागेल त्याला मिळाला पाहिजे, संकेतस्थळावर असला पाहिजे. कारण मृत्युपत्रात बहुतेक वेळा बोलीतले नाव लिहिले जाते: "स्टेशनजवळची अंधशाळा", "सेवा मंडळ". एकाच शहरात त्याच नावाच्या तीन नोंदणीकृत संस्था निघतात आणि वारसांच्या वकिलाला पहिला मुद्दा आयताच मिळतो. नावातली चूक कायद्याने सुधारता येते. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ चे कलम ७६ तेच सांगते, अर्थ स्पष्ट असेल तर नावाच्या चुकीने दान बुडत नाही. पण अर्थ स्पष्ट होता हे न्यायालयात सिद्ध करायला साक्षीपुरावा लागतो, वर्षे लागतात. नोंदणी क्रमांकाची आठ-दहा अक्षरे हे सगळे टाळतात.

संदिग्ध दानाचे काय होते याचे प्रसिद्ध उदाहरण आपल्याच मुंबई इलाख्यातले आहे. रणछोडदास वंद्रावनदास विरुद्ध पार्वतीबाई या खटल्यात १८९९ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, "धरम"साठी ठेवलेली मिळकत अर्थ निश्चित नाही म्हणून रद्दबातल ठरवली. देणाऱ्याचा हेतू कुणालाही कळत होता, तरी दान टिकले नाही. पुढे १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम १० मध्ये धर्म, धर्मादाय, पुण्यकार्य, पुण्यदान अशा हेतूंसाठी केलेला सार्वजनिक न्यास केवळ हेतू अनिश्चित आहे म्हणून रद्द मानू नये, अशी स्पष्ट तरतूद झाली. महाराष्ट्रातल्या दात्याला हे संरक्षण आहे. तरीही "समाजकार्यासाठी द्यावे" एवढेच लिहिलेले मृत्युपत्र म्हणजे भांडणाला आमंत्रण. पैसा कुणाला मिळणार हे त्यात कुठेच नसते.

किती आणि कोणत्या रूपात ठेवायचे, या प्रश्नावर थोडे थांबायला हवे, कारण अनेक दाने इथेच वाया जातात. ठरावीक रक्कम लिहिणे सोपे वाटते: "पाच लाख रुपये संस्थेला." मृत्युपत्र साठाव्या वर्षी केले आणि माणूस ऐंशीव्या वर्षी गेला, तर दरसाल सहा टक्के महागाई धरून त्या पाच लाखांची खरेदीशक्ती आजच्या दीड लाखाच्या जवळ उरते. उलटही घडते. दीर्घ आजारात बहुतेक ठेवी संपल्या, तर ठरावीक रकमेचे दान आधी द्यावे लागते आणि "उरलेले सारे मुलीला" असे लिहिले असेल तर मुलीच्या वाट्याला जवळजवळ काहीच येत नाही. असे व्हावे हे ना दात्याच्या मनात असते, ना तुमच्या.

विशिष्ट वस्तूचे दान त्याहून नाजूक. "अमुक बँकेतली अमुक क्रमांकाची मुदत ठेव संस्थेला" असे लिहिले, आणि दात्याने मधल्या काळात ती ठेव मोडून पैसे दुसरीकडे गुंतवले, तर मृत्यूच्या वेळी ती वस्तूच अस्तित्वात नसते. उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम १५२ प्रमाणे ते दान संपते. नव्या गुंतवणुकीवर संस्थेचा हक्क आपोआप चढत नाही. दागिने, शेअर, गाडी, सगळ्याला हेच लागू.

म्हणून आमचा आग्रह शेष मिळकतीतल्या टक्केवारीचा आहे. देणी फेडून, आप्तांचे ठरलेले वाटे देऊन जे उरेल त्यातले पाच टक्के, दहा टक्के, ज्याला जे झेपेल ते. मिळकत वाढली तर वाटा वाढतो, घटली तर सगळ्यांचाच सारख्या प्रमाणात घटतो, आणि वीस वर्षे मृत्युपत्राला हात लावला नाही तरी हिशेब शिळा होत नाही. शिवाय मुलांना "आईने संस्थेला पाच लाख दिले" यापेक्षा "उरलेल्यातला दहावा हिस्सा दिला" हे पचायला सोपे जाते. नमुना असा ठेवता येईल. दात्याच्या वकिलाने तो परिस्थितीप्रमाणे बदलावा. त्यातला "व्यवस्थापक" म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करायला दात्याने नेमलेला माणूस:

"माझी कर्जे, शेवटच्या आजारपणाचा व अंत्यविधीचा खर्च, करांची देणी आणि वर लिहिलेल्या व्यक्तींचे वाटे भागवून माझी जी सर्व मिळकत शिल्लक राहील, तिच्या विक्रीतून व वसुलीतून येणाऱ्या रकमेपैकी दहा टक्के रक्कम मी (न्यासाचे नोंदलेले पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक, पत्ता) या सार्वजनिक न्यासाला त्याच्या सर्वसाधारण कामासाठी देत आहे. माझ्या मृत्यूच्या वेळी हा न्यास दुसऱ्या न्यासात विलीन झाला असल्यास ही रक्कम त्या न्यासाला द्यावी. न्यास बंद झाला असल्यास माझ्या व्यवस्थापकाने महाराष्ट्रात तशाच स्वरूपाचे काम करणारा नोंदणीकृत सार्वजनिक न्यास निवडून त्याला ती द्यावी. न्यासाच्या अधिकृत प्रतिनिधीची पावती मिळाल्यावर माझ्या व्यवस्थापकाची याबाबतची जबाबदारी पूर्ण झाली असे समजावे."

"सर्वसाधारण कामासाठी" हे शब्द मुद्दाम आहेत. दात्याला विशिष्ट कामासाठी द्यावेसे वाटणे स्वाभाविक आहे आणि त्याचा मान राखलाच पाहिजे, पण अटी जितक्या बारीक तितके दान अडकण्याची शक्यता जास्त. आज चालू असलेले शिवणवर्ग तीस वर्षांनी चालू असतील याची हमी कोण देणार? मूळ हेतू पार पाडणे अशक्य झाले की धर्मादाय आयुक्त आणि न्यायालय यांच्यामार्फत, मूळ हेतूच्या शक्य तितक्या जवळचा उपयोग ठरवून घ्यावा लागतो. ती वाट आहे, पण लांबची आहे. अट घालायचीच असेल तर "आणि ते काम त्या वेळी चालू नसेल तर विश्वस्तांना त्याच्या जवळचे वाटेल त्या कामासाठी" एवढी पुस्ती जोडायला सांगा.

घर आणि जमीन यांचे प्रश्न वेगळे. फ्लॅट थेट न्यासाच्या नावावर झाला की त्याची विक्री सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ३६ खाली येते: धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी, मूल्यांकन, निविदा. इतर न्यासमालमत्तेचे रक्षण करणारी ही तरतूद चांगलीच आहे, पण ज्या छोट्या संस्थेला फ्लॅट नको, पैसे हवेत, तिच्या गळ्यात मधल्या काळात सोसायटीची थकबाकी, मालमत्ता कर आणि कधी कधी भाडेकरूही पडतो. त्यापेक्षा "व्यवस्थापकाने फ्लॅट विकून येणाऱ्या रकमेतून" असे लिहिलेले बरे.

शेतजमिनीबाबत तर फार सावध राहा. कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतजमीन शेतकरी नसलेल्याकडे जाण्यावर बंधन आहे, आणि मृत्युपत्र ही त्यातली पळवाट होऊ शकत नाही असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली, त्याच १९४८ च्या मूळ कायद्याच्या गुजरातेत लागू असलेल्या तरतुदींवर दिला. विदर्भ आणि मराठवाड्यातले कुळकायदे वेगळे आहेत, ते स्वतंत्रपणे पाहावे लागतात. सातबारावर भोगवटादार वर्ग दोन (सरकारच्या परवानगीशिवाय हस्तांतर न होणारी जमीन) असेल तर आणखी परवानग्या आल्या. शेतकरी देणगीदाराला साधा सल्ला द्या: जमीन घरातल्या शेती करणाऱ्या माणसाला द्यावी, संस्थेला रोख वाटा ठेवावा. वडिलोपार्जित मिळकतीत दाता फक्त स्वतःच्या हिश्श्यापुरतेच मृत्युपत्र करू शकतो, हेही विसरू नये.

मृत्युपत्र वैध कशाने होते? उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम ६३ च्या अटी थोड्याच आहेत, पण त्यातली एक चुकली की सगळे कोसळते. करणाऱ्याने सही किंवा अंगठा करायचा. किमान दोन साक्षीदारांनी ती सही होताना पाहिलेली असली पाहिजे, किंवा "ही माझी सही" अशी कबुली त्याच्या तोंडून घेतलेली असली पाहिजे. आणि प्रत्येक साक्षीदाराने त्याच्यासमक्ष सही केली पाहिजे. दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर असण्याची सक्ती नाही, पण असावेत. नेहमी दिसणारी चूक अशी: दाता घरी सही करतो, कागद मुलाच्या हाती शेजारी पाठवतो, शेजारी आपल्या घरी बसून सही करून परत देतो. कागद वरून अगदी नीटनेटका दिसतो, पण साक्षांकन झालेले नसते. मृत्युपत्र न्यायालयात सिद्ध करायला हयात साक्षीदारांपैकी निदान एकाला बोलवावे लागते, नोंदणी झालेली असली तरी. म्हणून साक्षीदार दात्याहून वयाने लहान, निरोगी आणि पत्ता न बदलणारे हवेत. सत्तरीच्या मित्रांच्या सह्या भावनेला धरून असतात, पुराव्याला उपयोगी पडतीलच असे नाही. वयोवृद्ध दात्याने त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडावा. सक्तीचा नसला तरी मनःस्थितीबद्दलचा वाद बराचसा टळतो.

मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही. नोंदणी ऐच्छिक आहे, पण करावी. दुय्यम निबंधक कार्यालयात ती कधीही करता येते. गुप्तता हवी असेल तर मोहोरबंद पाकिटात जिल्हा निबंधकाकडे ठेवण्याची सोयही नोंदणी कायद्यात आहे. एकदा सही झाल्यावर मात्र पेनने खाडाखोड नको. एका संस्थेचे नाव खोडून वर दुसरीचे लिहिले आणि त्या बदलावर पुन्हा सही व साक्षी झाल्या नाहीत, तर तो बदल कायद्याच्या दृष्टीने झालेलाच नसतो. छोट्या बदलासाठी पुरवणी मृत्युपत्र, मोठ्यासाठी नवे.

व्यवस्थापक म्हणजे एक्झिक्युटर म्हणून संस्थेचेच नाव घालण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. ती बंद करा. व्यक्तींच्या समूहाला प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरे ठरवणारा न्यायालयाचा दाखला, मिळत नाही. नाव माणसाचे हवे, आणि तो आधी गेल्यास पर्यायी माणसाचेही. शक्यतो तो दात्याच्या घरातला किंवा विश्वासातला असावा, विश्वस्त नसावा.

याच अनुषंगाने एक गोष्ट जरा कडक शब्दांत सांगतो, कारण चांगल्या हेतूच्या संस्थाही इथे घसरतात. दात्याचे मृत्युपत्र तुम्ही लिहून देऊ नका. तुमच्या वकिलाकडून लिहवून घेऊ नका, त्याची फी भरू नका. विश्वस्ताने साक्षीदार होऊ नये, दात्याला गाडीत घालून निबंधक कार्यालयात नेऊ नये, मूळ मृत्युपत्र संस्थेच्या कपाटात ठेवू नये. सर्वोच्च न्यायालयाने वेंकटचल अय्यंगार प्रकरणात १९५९ सालीच सांगून ठेवले आहे की ज्याला मोठा लाभ होतो त्यानेच मृत्युपत्र करण्यात पुढाकार घेतला असेल, तर ती संशयास्पद परिस्थिती ठरते आणि तो संशय दूर करण्याचा भार मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर येतो. वृद्धाश्रम, रुग्णालये आणि मठ-मंदिरांना हे दुपटीने लागू आहे, कारण दाता तुमच्या आश्रयाला असतो. रुग्णाच्या खाटेशी हा विषय कधीही काढू नये. दात्याने विचारले तर कागद द्यावा, स्वतःचा वकील गाठायला सांगावे आणि बाजूला व्हावे.

"आम्ही नॉमिनी टाकलाय" हे उत्तर तुम्हाला हमखास ऐकू येईल. नॉमिनी हा बहुतेक ठिकाणी पैसे हाती घेणारा विश्वस्त असतो, मालक नव्हे. शेअरच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये, शक्ती येझदानी प्रकरणात, हेच म्हटले. बँक ठेवीवर पुतण्या नॉमिनी असेल आणि मृत्युपत्रात ती रक्कम शेष मिळकतीत येत असेल, तर मृत्युपत्र चालते. पण पुतण्या पैसे काढून बसला की ते परत मिळवायला भांडावे लागते. दात्याने नॉमिनी आणि मृत्युपत्र एकमेकांशी ताडून पाहावे, एवढे आवर्जून सुचवा.

धर्मानुसार कायदा बदलतो, तेव्हा एकच माहितीपत्रक सगळ्यांच्या हाती देऊ नका. मुस्लिम दात्याला कर्ज व अंत्यविधीचा खर्च वजा जाता उरलेल्या मिळकतीच्या एक तृतीयांशापर्यंतच मृत्युपत्राने देता येते. त्याहून जास्त द्यायचे तर वारसांची संमती लागते. ख्रिस्ती दात्यांवर पूर्वी उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम ११८ चे बंधन होते: जवळचे नातेवाईक असतील तर मृत्यूपूर्वी किमान बारा महिने आधी मृत्युपत्र केलेले असेल तरच धर्मादाय दान टिकत असे. जॉन वल्लमट्टम खटल्यात २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवले, पण जुन्या माहितीवर चालणारे सल्लागार आजही ते सांगताना आढळतात. पारशी आणि ख्रिस्ती व्यक्तीने मृत्युपत्रानंतर लग्न केले तर आधीचे मृत्युपत्र रद्द होते, हेही लक्षात असू द्या.

परदेशी राहणाऱ्या मराठी माणसांबाबत पासपोर्ट पाहा. भारतीय नागरिक असलेल्या अनिवासी दात्याचे वैयक्तिक पैसे "विदेशी" धरले जात नाहीत. परदेशी नागरिकत्व घेतलेल्याचे, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे) असले तरी, धरले जातात. मग परकीय अंशदान कायद्याची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतले खाते नसेल तर ते पैसे स्वीकारणे गुन्हा ठरू शकतो. ही नोंदणी नसलेल्या संस्थेने दात्याला तसे हयातीतच सांगावे.

आता नातेवाईक. मुलांवरच्या रागापोटी सगळे संस्थेला लिहून देणारा दाता आला, तर आनंदून जाऊ नका. हिंदू मिळकतदार स्वकष्टार्जित मिळकत कुणालाही देऊ शकतो हे खरे; पण १९५६ च्या दत्तक व पोटगी कायद्याच्या कलम २२ प्रमाणे ज्या अवलंबितांना वारशात काहीच मिळाले नाही त्यांच्या पोटगीची जबाबदारी मिळकत घेणाऱ्यांवर येते, म्हणजे तुमच्यावरही. विधवा सून किंवा अपंग मुलगा न्यायालयात समोर उभा आहे आणि पलीकडे सेवाभावी संस्था, हे चित्र कायद्याने जिंकूनही हरण्याचे आहे. दात्याला सांगा: घरच्यांची सोय आधी करा, आणि संस्थेला का ठेवत आहात हे त्यांना आताच सांगा. त्यांना ते मृत्युपत्र वाचनाच्या दिवशी कळू नये.

आल्फ्रेड नोबेलचे उदाहरण विश्वस्तांनी जरूर अभ्यासावे. त्याने २७ नोव्हेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये मृत्युपत्रावर सही केली, वर्षभराने वारला, आणि पहिली पारितोषिके दिली गेली ती १९०१ साली. नातेवाइकांचा विरोध हे एक कारण. दुसरे असे की ज्या संस्थांनी पारितोषिके द्यायची त्यांना त्याने आधी विचारलेलेच नव्हते आणि पैसा सांभाळणारी संस्था अस्तित्वातच नव्हती. आपल्याकडेही मृत्युपत्रातूनच नवा न्यास काढण्याची हौस दिसते. सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम २९ प्रमाणे त्या न्यासाच्या नोंदणीसाठी व्यवस्थापकाने प्रोबेटपासून एक महिना किंवा मृत्यूपासून सहा महिने, यांतले जे आधी येईल तोवर अर्ज करायचा असतो. पाच-दहा लाखांसाठी नवी नोंदणी, नवे लेखापरीक्षण, नवे विश्वस्त कशाला? चालू न्यासात दात्याच्या नावाचा निधी ठेवता येतो, हे त्याला समजावून सांगा.

देहदान आणि नेत्रदान मृत्युपत्रात लिहिणारेही भेटतात. मृत्युपत्र उघडेपर्यंत अंत्यसंस्कार उरकलेले असतात. नेत्रदानाला काही तासच मिळतात. ती इच्छा घरच्यांना तोंडी सांगून वेगळ्या कागदावर, हाताशी ठेवायची असते.

दात्याच्या मृत्यूची बातमी आली की आधी सांत्वनाचे पत्र, त्यात पैशाचा शब्दही नको. नंतर व्यवस्थापकाला सविनय पत्र लिहून संबंधित कलमाची प्रत मागावी. कायदा त्याला मृत्यूपासून एक वर्षापर्यंत वाटे न देण्याची मुभा देतो, म्हणून तगादा लावू नये. वर्ष उलटल्यावर मात्र स्मरणपत्र द्यायला संकोच नको. वाटा स्वीकारण्याचा ठराव करावा. अटी झेपणाऱ्या नसतील, मिळकतीवर मोठा बोजा किंवा दावा असेल, तर नाकारण्याचाही करावा. तो अधिकार तुम्हाला आहे. रक्कम वेगळ्या खातेवहीत दाखवावी. स्थावर मिळकत आली असेल तर नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम २२ चा बदल अर्ज द्यावा. तो राहून गेला की पुढे विक्रीच्या परवानगीच्या वेळी हीच त्रुटी आडवी येते. पहिल्या वर्षी आणि त्यानंतरही, पैसे कशाला लागले हे कुटुंबाला एका पानात कळवावे. पुढचा दाता बहुधा त्याच घरात असतो.

आणि हयात दात्याने कळवलेला वाटा अंदाजपत्रकात कधीही धरू नका. नोंदवलेले मृत्युपत्रही नंतरच्या साध्या, बिननोंदणीच्या मृत्युपत्राने बदलता येते, आणि बदलण्याचा त्याचा हक्क अबाधित राहिला पाहिजे. मृत्युपत्राची प्रत मागू नका. स्वतःहून कळवले तर आभार माना, विश्वस्त सोडून कुणाला सांगू नका, आणि पुढच्या वर्षीही त्याच्याशी देणगीदार म्हणूनच वागा.

विश्वस्त मंडळाच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर एवढे घ्या: वर सांगितलेल्या माहितीच्या कागदाला मंजुरी, कोणत्या प्रकारची मिळकत आपण घेणार आणि कोणती नाही याचे लेखी धोरण, या विषयावर बोलायला नेमलेला एक विश्वस्त आणि त्याने पाळायची पथ्ये, आणि देणगी पावतीच्या मागे छापायची एक ओळ. ती ओळ अशी असू शकेल: "आपल्या मृत्युपत्रात या कामासाठी वाटा ठेवण्याची इच्छा असल्यास न्यासाचे नोंदलेले नाव व क्रमांक पुढीलप्रमाणे आहे." पावतीपुस्तके छापायला जाण्याआधी ठराव झाला तर याच वर्षीच्या पावत्यांवर ती येईल.

आपले स्नेहांकित,
धर्मादाय न्यासांच्या कायदेशीर आणि हिशेबाच्या कामातील काही सहकारी